परवडणारा पहिला डॅशकॅम : जयपूरच्या उन्हात टिकणारा, पुरावा म्हणून उभा राहणारा

जयपूर : मोटारीच्या पुढील काचेमागे बसवलेला छोटा कॅमेरा, अर्थात डॅशकॅम, काही वर्षांपूर्वीपर्यंत हौशी चालकांपुरता मर्यादित होता. आता तो तीन-चार हजार रुपयांपासून उपलब्ध असून मध्यमवर्गीय कुटुंबाच्या पहिल्या गाडीतही दिसू लागला आहे. ह्युंदाईने २०२३ मध्ये बाजारात आणलेल्या ‘एक्स्टर’ या छोट्या गाडीच्या वरच्या श्रेणीत तो कारखान्यातूनच बसवून दिला. मात्र स्वतंत्रपणे डॅशकॅम घेणारा ग्राहक बहुधा जाहिरातीतील ‘४के’, ‘२के’ अशा आकड्यांवरून निर्णय घेतो. राजस्थानासारख्या प्रदेशात, जिथे उन्हाळ्यात बंद गाडीचा अंतर्भाग भट्टीसारखा तापतो, तिथे हा निकष अपुरा ठरतो. अपघाताच्या दिवशी कॅमेरा सुरू असणे, त्या क्षणाची फाइल शाबूत राहणे आणि ती पोलीस व न्यायालय यांच्यापुढे ग्राह्य ठरणे, या तीन गोष्टींवर स्वस्त डॅशकॅमचे खरे मूल्य ठरते.

एका वाहन क्रमांकाचे मोल

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांनी प्राण गमावले. यांपैकी ६७,३८७ अपघातांत धडक देणारे वाहन घटनास्थळावरून पसार झाले. अशा अपघातांतील मृतांची संख्या ३०,४८६ होती.

पसार झालेल्या वाहनाचा क्रमांक मिळाला की नाही, यावर पीडित कुटुंबाची भरपाई अवलंबून असते. वाहनाची ओळख पटल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्या वाहनाच्या मालकावर व विमा कंपनीवर दावा करता येतो. मृताचे वय, उत्पन्न आणि अवलंबून असलेल्या व्यक्ती विचारात घेऊन तिथे रक्कम ठरते. ओळख न पटल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालील योजनेचाच आधार उरतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये अशी ठरावीक रक्कम दिली जाते. कमावती व्यक्ती गमावलेल्या घरासाठी या दोन मार्गांतील अंतर फार मोठे असते.

शहरातील चौकांत पोलिसांचे व दुकानदारांचे सीसीटीव्ही कॅमेरे असतात. २० डिसेंबर २०२४ रोजी पहाटे जयपूर–अजमेर महामार्गावर भांकरोटा येथे वळण घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रकची धडक बसली, गॅसगळती झाली आणि भीषण आगीत अनेक वाहने जळाली. त्या घटनेचा क्षण परिसरातील कॅमेऱ्यांनी टिपला होता. परंतु महामार्गाच्या प्रत्येक टप्प्यावर असा कॅमेरा नसतो. असला, तरी त्याचे चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते आणि ते मिळवण्यासाठी त्रयस्थाच्या सहकार्याची गरज लागते. डॅशकॅमचे चित्रीकरण मात्र गाडीमालकाच्याच ताब्यात असते.

जयपूरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर असा दक्षिणेकडे जातो. उन्हाळ्याची तीव्रताही विदर्भ आणि खानदेशातील वाचकांना अपरिचित नाही. त्यामुळे जयपूरला लागू पडणारे निकष नागपूर, चंद्रपूर, अकोला वा जळगाव येथील ग्राहकालाही जवळपास तसेच लागू पडतात.

यंत्रणा कशी चालते

गाडी सुरू होताच कॅमेऱ्याला वीज मिळते आणि चित्रीकरण सुरू होते. ते एक, तीन किंवा पाच मिनिटांच्या तुकड्यांत मेमरी कार्डावर साठवले जाते. कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसून त्या जागी नवा लिहिला जातो. याला चक्राकार चित्रीकरण म्हणतात. कॅमेऱ्यातील जी-सेन्सर जोराचा धक्का ओळखतो आणि त्या वेळचा तुकडा ‘कुलूपबंद’ करतो, म्हणजे तो नेहमीच्या चक्रात पुसला जात नाही.

ही रचना चालकाच्या लक्षाशिवाय चालावी, अशी अपेक्षा असते. तीच तिची उणीवही आहे. कार्ड खराब झाले, घड्याळ चुकले किंवा कॅमेरा उष्णतेने बंद पडला, तरी चालकाला ते महिनोन्‌महिने कळत नाही. खरेदी करताना म्हणूनच कोणते दोष कमीत कमी संभवतात, याकडे आधी पाहावे.

पहिली कसोटी उष्णतेची

राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. देशातील ती उच्चांकी नोंद आहे. जयपूरमध्ये मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नवे नाही. उन्हात उभ्या गाडीत याहून वेगळेच तापमान असते. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उन्हाळी दिवशी तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांच्या आतील हवेचे तापमान सरासरी सुमारे ४७ अंशांपर्यंत, तर डॅशबोर्डच्या पृष्ठभागाचे सुमारे ६९ अंशांपर्यंत पोहोचल्याचे आढळले. काचेला चिकटवलेला कॅमेरा याच क्षेत्रात दिवसभर राहतो.

स्वस्त डॅशकॅममध्ये वीज गेल्यावर शेवटची फाइल पूर्ण करण्यासाठी छोटी लिथियम बॅटरी असते. लिथियम-आयन सेल सर्वसाधारणपणे ४५ अंशांपर्यंत चार्ज करण्यासाठी आणि ६० अंशांपर्यंत वापरण्यासाठी बनवलेले असतात. त्याहून अधिक उष्णता वारंवार सोसावी लागल्यास बॅटरी फुगते, तिची क्षमता घटते आणि काही वेळा कॅमेऱ्याचे आवरणही उचलले जाते. याला पर्याय सुपरकपॅसिटरचा. हा घटक रासायनिक अभिक्रियेऐवजी विद्युतभार साठवून काम करतो. तो साधारण ६५ ते ७० अंशांपर्यंत चालतो आणि वारंवार चार्ज होण्याने लवकर झिजत नाही. त्यात काही सेकंदांपुरतीच वीज मावते, पण तेवढी पुरेशी असते. धडकेत गाडीची वीज तुटली, तरी चालू तुकडा नीट बंद करून साठवण्याइतका वेळ त्यातून मिळतो. ही व्यवस्था निकामी झालेली असेल, तर नेमका अपघाताचा तुकडाच अर्धवट राहून उघडेनासा होऊ शकतो.

राजस्थान किंवा विदर्भातील ग्राहकाने म्हणून खोक्यावर किंवा माहितीपत्रकावर ‘सुपरकपॅसिटर’ हा उल्लेख आणि कार्यतापमानाची कमाल मर्यादा या दोन गोष्टी प्रथम तपासाव्यात. एकाच किमतीत ४के चित्र व बॅटरी असलेला कॅमेरा आणि २के चित्र व सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा मिळत असेल, तर दुसरा निवडणे श्रेयस्कर.

कॅमेरा काचेला धरून ठेवणारा आधारही उष्णतेत महत्त्वाचा ठरतो. रबरी चोषक उन्हात सैल पडून कॅमेरा खाली येतो. उष्णता सोसणाऱ्या दुहेरी चिकटपट्टीचा आधार अधिक टिकाऊ असतो. पट्टी लावण्यापूर्वी काच स्वच्छ, कोरडी आणि सावलीत थंड झालेली असावी.

चित्र किती स्पष्ट हवे

१०८०पी चित्रात रुंदी-उंचीचे १९२० × १०८० बिंदू असतात, १४४०पी अर्थात २के चित्रात २५६० × १४४०, तर ४के चित्रात ३८४० × २१६०. म्हणजे खऱ्या ४के चित्रासाठी संवेदकावर किमान ८३ लाख बिंदू लागतात. ५ मेगापिक्सेलचा संवेदक असूनही ‘४के’ असे छापलेले असल्यास ते चित्र सॉफ्टवेअरने ताणून मोठे केलेले असते. त्याने फाइलचा आकार वाढतो, वाहन क्रमांक मात्र अधिक वाचनीय होत नाही. खोक्यावरील मोठ्या अक्षरांपेक्षा संवेदकाचे नाव व त्याचे मेगापिक्सेल विचारावेत, ते याचसाठी.

दिवसा, संथ वाहतुकीत, पुढच्या गाडीचा क्रमांक १०८०पी कॅमेऱ्यातही वाचता येतो. अंतर वाढले की २केचा फायदा दिसतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांदरम्यान ती जवळपास एक मीटर पुढे गेलेली असते. त्यामुळे महामार्गावर अधिक प्रवास करणाऱ्यांना ६० चित्रांचा पर्याय उपयोगी ठरू शकतो. मात्र अंधारात प्रत्येक चित्राला प्रकाश कमी मिळत असल्याने रात्री ३० चित्रांवर परतणे योग्य.

रात्रीचे चित्र ही स्वस्त कॅमेऱ्यांची खरी परीक्षा. एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना बंधनकारक असलेल्या उच्च सुरक्षा क्रमांक पाट्या प्रकाश परावर्तित करतात. मागच्या गाडीच्या दिव्यांच्या झोतात त्या पांढऱ्याफटक दिसतात आणि अक्षरे हरवतात. चित्रातील अतिउजळ व अतिगडद भाग सावरणारी एचडीआर किंवा डब्ल्यूडीआर सोय इथे कामी येते. खरेदीपूर्वी त्याच मॉडेलचे रात्रीचे, भारतीय रस्त्यावरचे चित्रीकरण पाहणे हा उत्तम मार्ग आहे. चित्रीकरण थांबवून क्रमांक वाचता येतो का, हे पाहावे. हलत्या चित्रात जो क्रमांक वाचल्यासारखा वाटतो, तो थांबवलेल्या चित्रात अनेकदा पुसट निघतो.

दृश्यकोनाबाबतही अधिक म्हणजे उत्तम असे नसते. १७० अंशांच्या भिंगात रस्त्याचा मोठा भाग येतो, परंतु पुढची गाडी लहान व दूर भासते आणि कडांकडील रेषा वाकतात. साधारण १३० ते १४० अंशांचा कोन समोरच्या गाडीचा क्रमांक आणि बाजूच्या मार्गिका यांचा समतोल साधतो. जयपूरच्या जुन्या शहरातील बाजारांत दुचाकी, ई-रिक्षा, सायकली व पादचारी दोन्ही बाजूंनी अगदी जवळून शिरतात. केवळ शहरात गाडी चालवणाऱ्यास थोडा अधिक कोन सोयीचा वाटू शकतो.

कॅमेऱ्याच्या मांडणीत विजेची वारंवारता ५० हर्ट्झ निवडणे आवश्यक आहे. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. कॅमेरा ६० हर्ट्झवर राहिला, तर पथदिवे आणि फलक चित्रात लुकलुकताना दिसू शकतात.

मेमरी कार्ड : दुर्लक्षित पण निर्णायक

डॅशकॅमसोबत मोफत मिळणारे किंवा जुन्या मोबाइलमधून काढलेले कार्ड वापरण्याची प्रथा सर्रास आहे. मोबाइलमधील कार्डावर अधूनमधून लिहिले जाते, डॅशकॅमच्या कार्डावर मात्र गाडी चालू असेपर्यंत अखंड. सामान्य कार्ड अशा वापरात लवकर झिजते आणि अनेक उत्पादक अशा वापरासाठी सामान्य कार्डाची हमीही देत नाहीत. खोक्यावर ‘हाय एन्ड्युरन्स’ असा उल्लेख असलेले कार्ड याच कामासाठी बनवलेले असते. २के किंवा ४के कॅमेऱ्यासाठी त्यावर ‘यू३’ किंवा ‘व्ही३०’ ही वेगश्रेणी असावी.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला १६ मेगाबिट माहिती लिहिणारा कॅमेरा तासाला सुमारे ७.२ गिगाबाइट जागा घेतो. ६४ गिगाबाइटच्या कार्डावर त्यामुळे साधारण आठ-नऊ तासांचे चित्रीकरण राहते. सेकंदाला ३० मेगाबिट लिहिणाऱ्या ४के कॅमेऱ्यात तेच कार्ड पाच तासांच्या आतच भरते. जयपूरहून दिल्लीला जाण्यासच जवळपास तेवढा वेळ लागतो. पुढे-मागे दोन कॅमेरे असतील, तर मुदत आणखी घटते. रोज तासभर गाडी चालवणाऱ्या कुटुंबास एका कॅमेऱ्यासाठी ६४ गिगाबाइट पुरेसे आहे. लांबच्या प्रवासासाठी १२८ गिगाबाइट घ्यावे, पण कॅमेरा कमाल किती क्षमतेचे कार्ड स्वीकारतो, हे आधी पाहावे.

नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट कार्डेही विकली जातात. अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घेतलेले कार्ड संगणकावर पूर्ण भरून तपासल्यास छापलेली क्षमता खरी आहे का, हे समजते. महिन्यातून एकदा, आवश्यक फाइली काढून घेतल्यावर, कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करावे.

जीपीएस, घड्याळ आणि आवाज

स्वस्त कॅमेऱ्यांत जीपीएस अनेकदा नसते. ते असल्यास चित्रावर ठिकाण आणि वेग उमटतो, पण त्याचा अधिक मोठा लाभ घड्याळाचा आहे. उपग्रहाकडून वेळ मिळत असल्याने ती चुकत नाही. जीपीएस नसलेल्या कॅमेऱ्यात बॅटरी किंवा कपॅसिटर रिता झाल्यावर तारीख अनेक वर्षे मागे जाऊ शकते. चुकीची तारीख असलेले चित्रीकरण विमा कंपनी वा प्रतिपक्ष सहज शंकास्पद ठरवू शकतो. जीपीएस नसेल, तर मोबाइल ॲपशी जोडल्यावर वेळ आपोआप दुरुस्त होते का, हे पाहावे आणि महिन्यातून एकदा ती तपासावी.

वेगाची नोंद दुधारी असते. समोरच्याची चूक दाखवणारा पडदा स्वतःच्या गाडीचा वेगही दाखवतो. वेगमर्यादा ओलांडलेल्या चालकाला तेच चित्रीकरण अडचणीचे ठरू शकते आणि न्यायाधिकरण त्याच्यावर सहभागी निष्काळजीपणाचा ठपका ठेवू शकते.

वाय-फायमुळे कार्ड न काढता मोबाइलवर फाइल घेता येते. घटनास्थळी पोलिसांना चित्रीकरण दाखवण्यासाठी ते सोयीचे आहे. मार्गिका सुटल्याचा वा पुढची गाडी जवळ आल्याचा इशारा देणारी सोय स्वस्त कॅमेऱ्यांत फारशी विश्वासार्ह नसते. मार्गिकांच्या रेषा पुसट असलेल्या रस्त्यांवर तर तिचा उपद्रवच होतो. तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

एक कॅमेरा की दोन

मागून बसणारी धडक आणि सिग्नलवरील वाद यांसाठी मागील कॅमेरा उपयोगी आहे. मात्र ठरावीक पैशांत दोन साधारण कॅमेऱ्यांऐवजी एक चांगला पुढील कॅमेरा घेणे पहिल्या खरेदीत अधिक सयुक्तिक ठरते. नंतर मागचा कॅमेरा जोडता येईल असे मॉडेल मिळाल्यास उत्तम. मागील काचेवर धूळ अधिक साचते आणि तेथील गरम तारांच्या रेषा चित्रात येतात. काचेवर गडद फिल्म असल्यास रात्री जवळपास काहीच दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत येणे आवश्यक आहे. ही मर्यादा पाळलेली गाडी कॅमेऱ्यासाठीही अनुकूल असते.

राजस्थानात उन्हाळ्यात धुळीची वादळे आणि हिवाळ्यात पहाटेचे धुके नेहमीचे आहे. कॅमेरा वायपर फिरतो त्या पट्ट्यातच बसवावा. काचेची आतील बाजूही आठवड्यातून एकदा पुसावी, कारण आत जमलेला धुळीचा थर सूर्य समोर आल्यावर संपूर्ण चित्र पांढुरके करतो.

बसवण्याची पद्धत

आरशाच्या मागे, चालकाच्या डाव्या बाजूला, दृष्टीच्या आड येणार नाही अशी जागा सर्वोत्तम. तार छताच्या कडेने आणि दाराच्या रबराखालून नेतात. ज्या गाड्यांत पडदा-एअरबॅग असते, तिथे पुढील खांबाच्या आवरणातून नेलेली तार एअरबॅगच्या समोरून जाता कामा नये. तशी गेल्यास धडकेच्या वेळी एअरबॅग उघडण्यात अडथळा येऊ शकतो.

पहिल्या कॅमेऱ्यासाठी गाडीतील १२ व्होल्टच्या सॉकेटमधून वीज घेणे पुरेसे आहे. काही गाड्यांत हे सॉकेट इंजिन बंद केल्यावरही चालू राहते. तसे असल्यास कॅमेरा बॅटरी रिकामी करत राहील, हे आधी तपासावे. फ्यूज पेटीतून जोडणी करायची असल्यास मूळ तार कापू देऊ नये. तार कापल्याचे कारण देऊन गाडीच्या विद्युत यंत्रणेवरील हमी नाकारली जाऊ शकते. फ्यूजच्या जागी बसणारा जोडक वापरल्यास तार कापावी लागत नाही.

उभ्या गाडीवर लक्ष ठेवणारी ‘पार्किंग’ सोय आकर्षक वाटते. तिच्यासाठी थेट जोडणी आणि बॅटरीचा दाब ठरावीक पातळीखाली जाताच वीज तोडणारा संच लागतो. उन्हाळ्यात भर दुपारी, आधीच तापलेल्या गाडीत कॅमेरा सतत चालू ठेवल्यास त्याचे आयुष्य घटते. गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर निदान मे-जूनमध्ये ही सोय बंद ठेवणे हिताचे.

पैशांची वाटणी

ऑनलाइन आणि दुकानांतील भाव वरचेवर बदलतात, तरी ढोबळ चित्र असे आहे. अडीच ते चार हजार रुपयांत १०८०पी कॅमेरा मिळतो. चार ते सहा हजारांत २के चित्र, वाय-फाय आणि सुपरकपॅसिटर असलेली मॉडेल्स सापडतात. त्यापुढे जीपीएस, मागील कॅमेरा आणि खरे ४के यांची भर पडत जाते. चांगल्या प्रतीच्या ६४ गिगाबाइट कार्डासाठी साधारण हजार रुपये वेगळे धरावेत.

सहा हजार रुपये हाती असलेल्या ग्राहकाने प्राधान्याचा क्रम असा ठेवावा : सुपरकपॅसिटर, टिकाऊ कार्ड, रात्रीचे वाचनीय चित्र, अचूक घड्याळ, भारतात दुरुस्ती व हमीची सोय, आणि या सर्वांनंतर चित्राचा आकडा. पावतीवर मॉडेलचा अनुक्रमांक नोंदवून घ्यावा. केवळ डॅशकॅम बसवल्याने विम्याच्या हप्त्यात सवलत मिळेल, असे गृहीत धरू नये. विमा कंपनीला लेखी विचारूनच ते ठरवावे.

अपघातानंतरचा पहिला तास

जखमींना मदत ही सर्वप्रथम जबाबदारी आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ चालकावर वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे आणि पोलिसांना कळवण्याचे बंधन घालते. ११२ हा आपत्कालीन, १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांवरील मदतीचा क्रमांक आहे.

त्यानंतर कॅमेरा बंद करावा. तो सुरू राहिल्यास नवे चित्रीकरण जुन्यावर लिहिले जाऊ शकते. जी-सेन्सरने तो तुकडा कुलूपबंद केलाच असेल, अशी खात्री नसते. शेजारून घासून गेलेल्या वा पादचाऱ्याला बसलेल्या धडकेचा धक्का गाडीला जाणवतोच असे नाही. कार्ड बाहेर काढून ठेवावे आणि त्याची प्रत संगणकावर घ्यावी. मूळ फाइल कापू नये, तिचे नाव बदलू नये आणि ती संदेश-ॲपवरून पाठवलेल्या रूपात जपू नये, कारण तिथे चित्रीकरण आकुंचित होऊन मूळ तपशील नाहीसा होतो.

एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत पोलिसांनी पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणास देणे अपेक्षित आहे. चित्रीकरण असल्याचे सुरुवातीलाच लेखी कळवल्यास तपासात त्याची नोंद होते. पोलिसांनी कार्ड किंवा कॅमेरा ताब्यात घेतल्यास पंचनाम्याची प्रत मागावी. राजस्थानातील पोलिसी कागदपत्रांत या जप्तीच्या नोंदीला ‘फर्द’ म्हणतात. तीत कार्डाची कंपनी, क्षमता आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा.

दुसऱ्याचा अपघात स्वतःच्या कॅमेऱ्यात आलेल्या व्यक्तीलाही कायद्याचे संरक्षण आहे. जखमीला सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ मध्ये आहे.

न्यायालयात काय टिकते

डिजिटल पुराव्याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातील एका प्रकरणात लागला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेल्याचा आक्षेप होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना तत्कालीन पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र आवश्यक आहे. मूळ उपकरणाच्या मालकाने साक्षीला उभे राहून ते उपकरणच न्यायालयापुढे ठेवल्यास मात्र प्रमाणपत्राची गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्यातील कलम ६३ नुसार द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्याचा पहिला भाग नोंद सादर करणाऱ्याने, तर दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाइलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिती पद्धतीने काढलेली अंक-अक्षरांची ओळख. फाइलमध्ये किंचितही बदल झाला, तरी ती बदलते. सामान्य गाडीमालकासाठी याचा व्यावहारिक अर्थ इतकाच : मूळ कार्ड पुन्हा न वापरता पाकिटात बंद करून जपावे, कॅमेराही विकू नये आणि प्रमाणपत्रासाठी वकिलाचा सल्ला लवकर घ्यावा. पाचशे रुपये वाचवण्यासाठी तेच कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालणे महागात पडू शकते. दुसरे कार्ड गाडीत ठेवलेले असल्यास हा मोह टळतो.

खासगीपणाची मर्यादा

खासगी गाडीत डॅशकॅम बसवणे देशात बंधनकारक नाही आणि निषिद्धही नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मधून व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर वगळण्यात आला आहे. परंतु अपघातग्रस्ताचा चेहरा वा वाहन क्रमांक समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करणे घरगुती वापरात बसेल, असे समजू नये. तपास सुरू असताना चित्रीकरण पोलिसांकडे द्यावे, सार्वजनिक करू नये. गाडीच्या आतील आवाज नोंदवला जात असल्यास सोबतच्या प्रवाशांना कळवणे उचित. भाड्याने चालणाऱ्या गाडीत तर तशी सूचना लावलेलीच असावी. लष्करी छावण्या व छायाचित्रणास बंदी असलेल्या परिसरांत कॅमेरा बंद ठेवावा.

महिन्याची तपासणी

रशियात १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली, तेव्हा तेथील असंख्य गाड्यांतील डॅशकॅमनी तो क्षण टिपला. ते कॅमेरे उल्केसाठी बसवलेले नव्हते, केवळ रोजच्याप्रमाणे चालू होते आणि त्यांच्या नोंदी शास्त्रज्ञांना उल्केचा मार्ग शोधण्यासाठी उपयोगी पडल्या. डॅशकॅमची उपयुक्तता अशा रोजच्या चालू असण्यातच आहे. त्यासाठी महिन्यातून दहा मिनिटे पुरतात. आदल्या दिवशीची एक फाइल उघडून पाहावी, तारीख-वेळ पडताळावी, भिंग व काच पुसावी, आधार घट्ट आहे का, हे पाहावे आणि कार्ड फॉरमॅट करावे. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी व संपल्यावर कॅमेऱ्याचे आवरण फुगलेले वा वाकलेले नाही, याचीही खात्री करून घ्यावी. आवरण फुगलेले आढळल्यास तो कॅमेरा लगेच काढून ठेवावा आणि पुन्हा चार्ज करू नये.